मपला गडी आत हाय

केशरमावशींशी डावीकडून बोलायची कुणालाच मुभा नव्हती. बीडमधल्या आमच्या कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात नवीन मुलगी आली, की तिला पाणी येण्याची वेळ, फाटक बंद होण्याची वेळ आणि ही तिसरी गोष्ट सांगावी लागे. हातात मोबाईल असेल तर अधिकच जपायचं. मावशी फाटकाजवळ स्टुलावर बसलेल्या असायच्या. कुणी चुकून डाव्या अंगाला आलं, की हात वर करून म्हणायच्या, "उजवीकडून ये बाई. तिकडं गडी कामाला हाय. त्याला बोलण्यात गुतवू नको."

मी दिंद्रुडहून पहिल्यांदा आले ती नेमकी डावीकडूनच गेले. आमच्या घरातून कॉलेजात येणारी मी पहिली. मावशींचं बोलणं ऐकून मी त्यांच्या डावीकडे कोण काम करतंय ते पाहायला लागले. तिथं नुसती भिंत होती. मावशी खुदकन हसल्या. पदर जरासा सरकवून त्यांनी गळ्याच्या हाडाखाली बोट ठेवलं. कातडीखाली काडेपेटीहून थोडा लहान असा उंचवटा दिसत होता.

"ह्यो मपला सालगडी," त्या म्हणाल्या. आमच्याकडची जुनी माणसं 'माझा' म्हणायच्या जागी 'मपला' म्हणतात. "रातध्याड कामाला असतोय. सुट्टी न्हाई, रुसणं न्हाई. मालकीण झोपली तरी ह्याचं चालूच."

तो पेसमेकर होता, हे मला नंतर कळलं. मी येण्याच्या चार वर्षं आधी मावशी वसतिगृहाच्या जिन्यावर चक्कर येऊन पडल्या होत्या. त्यांच्या हृदयाचे ठोके मधेच थांबत होते. औरंगाबादला नेऊन डाव्या बाजूला ते मशीन बसवलं, आणि मोबाईल त्या अंगाला आणू नका, असं बजावलं. डॉक्टरांनी त्यांना मशीनचं इंग्रजी नाव दोन-तीनदा सांगितलं, पण मावशींना ते परकं वाटलं. जो आपल्यासाठी राबतो त्याला मशीन म्हणणंही त्यांना पटेना. शेतावर वर्षाच्या बोलीनं राहणाऱ्या गड्याचं साल पाडव्याला ठरतं, म्हणून मावशीही दरवर्षी पाडवा झाला की मशीन तपासायला औरंगाबादला जायच्या. निघताना म्हणायच्या, "गड्याला इचारून यिते, औंदा राहतो का जातो." परत आल्या की आम्ही सगळ्या फाटकाशी जमायचो. "राह्यला गं," असं त्यांनी सांगितलं की आम्ही टाळ्या वाजवायचो.

मावशींचं घर बीडशेजारच्या पालीजवळचं, मेंढरं राखणारं. लहानपणी त्या आईबापामागं मेंढरं घेऊन बालाघाटाच्या डोंगरातून फिरल्या होत्या. शाळा पाहिली ती लांबूनच. पण वसतिगृहाचं दार त्यांच्याइतकं नीट कुणी सांभाळलं नसेल. संध्याकाळी त्या फाटकाची एकच फळी उघडायच्या आणि आम्हाला एकेक करून आत घ्यायच्या. आम्ही कुरकुर केली की म्हणायच्या, "मोकळ्यात मेंढरं मोजली की चुकतंय. अरुंद दारातनं सोडावी, मंग मोजावी." मेंढरं म्हटल्याचा राग कुणाला आला नाही. एकदा एक मुलगी एसटी बंद पडल्यामुळे गेवराईत अडकली होती. ती आत येईपर्यंत मावशींनी ताटाला हात लावला नव्हता, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

मी फार भित्री होते. वर्गात उत्तर येत असलं तरी तोंड उघडत नसे. आपली बोली ऐकून कुणी हसेल असं वाटायचं. मावशींनी मला 'भिऊ नको' असं कधी म्हटलं नाही. त्या म्हणायच्या, "भी की. भ्यायला कोण न्हाई म्हणतंय? पर चालत भी. बसून भिऊ नको."

आमच्या दुसऱ्या वर्षी कॉलेजची सहल पुण्याकडच्या एका मोठ्या थीम पार्कला जायची ठरली. बावीस मुलींनी नावं दिली. सोबत भूगोलाचे सर आणि एक मॅडम येणार होत्या. निघायच्या दोन दिवस आधी मॅडमच्या सासूबाई आजारी पडल्या आणि त्यांचं येणं रद्द झालं. एवढं कळताच घरोघरचे फोन सुरू झाले. नुसत्या सरांच्या भरवशावर मुली पाठवायला एकाही घरची तयारी नव्हती. सहल मोडल्यात जमा होती. तेव्हा प्राचार्यांनी मावशींना विचारलं. मावशी म्हणाल्या, "मी जाते की. मपल्याच पोरी हायेत." मावशींचं नाव निघताच एकेका घरातून होकार यायला लागला.

माझ्या वडिलांचा, आण्णांचा, होकार सगळ्यांत शेवटी आला. फोनवर त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. "मावशी जिथं, तू तिथं. मावशी एखाद्या जागी गेल्या न्हाईत, तर तू बी जायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. इतरही बऱ्याच मुलींनी घरी असाच शब्द दिला होता.

पार्कच्या दाराशी पोचलो तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. पलीकडून संगीत ऐकू येत होतं आणि भिंतीवरून एका उंच निळ्या पाळण्याचं टोक दिसत होतं. सगळ्या पिशव्या एका सरकत्या पट्ट्यावर ठेवायच्या, आपण धातू ओळखणाऱ्या चौकटीतून जायचं, आणि पलीकडे उभी असलेली सिक्युरिटीची मुलगी हातातलं काळं दांडकं अंगावरून फिरवणार, अशी व्यवस्था होती. मावशींना चौकट फार आवडली. "बेस दार हाय. एकेकच निघतंय," त्या म्हणाल्या. पण पाळी येताच त्या चौकटीच्या अलीकडे थांबल्या आणि रांगेतून बाजूला झाल्या.

"काकू, या ना पुढं," सिक्युरिटीची मुलगी म्हणाली. ती आमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. बोलण्यावरून पुण्याकडचीच वाटत होती.

"मी ह्यातनं येत न्हाई. मपला गडी आत हाय."

आमच्याकडे गडी म्हणजे नोकर, आणि गडी म्हणजे पुरुषमाणूसही. त्या मुलीला दुसराच अर्थ लागला.

"आत गेलेत का ते? मग तुम्हीपण या ना."

"तो आत हाय म्हणून तर मला येता यीना."

"भांडण झालंय का काकू?"

मागे आम्ही तोंडावर ओढण्या धरल्या. मावशी मात्र गंभीर होत्या. "त्याच्याशी भांडून कसं भागंल?"

"मग फोन करा त्यांना. बाहेर बोलवून घ्या."

"आगं बाई, त्याला बाहेर बोलवला तर मी जागीच मरंन की!"

त्या मुलीचा चेहराच उतरला. ती मावशींच्या जवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काकू, घाबरू नका. मारतात का ते तुम्हाला? नाव सांगा फक्त. आम्ही शोधून काढतो." तिनं वॉकीटॉकी तोंडाशी नेलासुद्धा.

"नाव न्हाई त्याला. लंबर हाय," मावशी म्हणाल्या आणि कमरेच्या उजव्या बाजूच्या पिशवीतून त्यांनी पेसमेकरचं कार्ड बाहेर काढलं.

कार्ड पाहून ती मुलगी आधी गोंधळली, मग इतकी हसली की तिला वॉकीटॉकी खाली ठेवावा लागला. पण हसणं संपल्यावर अडचण तशीच होती. सगळ्यांनी चौकटीतूनच यायचं, एवढंच तिला माहीत होतं. मावशींना डॉक्टरांनी सांगितलं होतं, की असं दार आलं तर आधी कार्ड दाखवा, हातानं तपासा म्हणा, आणि ते दांडकं छातीवर धरू देऊ नका. मुलगी म्हणाली, "मी मनानं काही करू शकत नाही. साहेबांना बोलवते."

साहेब यायला वेळ लागला. ऊन चढलं. दुसऱ्या कॉलेजांची मुलं-मुली आमच्यासमोरून हसत आत जात होती. आमचे सर घड्याळ बघून म्हणाले, "मावशी, तुम्ही बसमध्ये सावलीला बसा ना. मी आहे मुलींबरोबर. संध्याकाळपर्यंतचाच तर प्रश्न आहे." सर वाईट माणूस नाहीत. त्यांना बावीस तिकिटांची आणि दिवसाची काळजी होती.

मावशी जागच्या हलल्या नाहीत. आमच्यात मात्र कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "घरी कोण सांगणार आहे?" कुणीतरी म्हणालं, "मावशींना तरी आत काय करायचंय?" खोटं कशाला लिहू, माझ्याही मनात तेच होतं. माझी पिशवी तर पट्ट्यावरून केव्हाच पलीकडे गेली होती. पिशवी घ्यायच्या निमित्तानं मी दोन पावलं पुढं झाले, आणि मग चौकटीतून गेलेच. पलीकडे पिशवी हातात घेऊन उभी राहिले. समोर तो निळा पाळणा पूर्ण दिसत होता. परत यायचं, की इथंच थांबून बाकीच्या यायची वाट पाहायची, याचा मी विचार करत होते. आण्णांना दिलेला शब्द मला आठवत होता, तरीही मी विचार करत होते.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं असणार. त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "आरती, घेतलीस का पिशवी? आता वापस ये. कार्ड इंग्रजीत हाय, वाचायला तूच लागशील."

मी परत आले. कान तापले होते.

तेवढ्यात साहेब आले. त्यांच्यामागं एक माणूस चाकाची खुर्ची ढकलत होता. साहेबांचा आवाज मऊ होता. ते म्हणाले, "आजी, काही काळजी करू नका. पेशंटसाठी वेगळं गेट आहे. खुर्चीत बसा, यातली एखादी मुलगी तुम्हाला ढकलत नेईल. आत प्रथमोपचाराच्या खोलीत दिवसभर आराम करा."

मावशींनी खुर्चीला हात लावून पाहिला. "खुर्ची चांगली हाय, साहेब. पर मी हितं राखणीला आलीय. राखणीच्या बाईला पोरींनीच ढकलत न्हेलं, असं ह्यांच्या बापांना सांगू का? आराम करायचा असता तर घरी बाज हाय मपली."

"मग काय करायचं म्हणता?"

"आरती, कार्ड वाच."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं इंग्रजी वाचन वर्गातसुद्धा कुणी ऐकलं नव्हतं. पहिली ओळ मी नुसती पुटपुटले. मावशी हळूच म्हणाल्या, "भी, पर वाच." मी पूर्ण कार्ड वाचलं. या व्यक्तीच्या शरीरात पेसमेकर आहे, इथपासून कंपनीच्या क्रमांकापर्यंत सगळं. मग साहेबांना म्हणाले, "सर, डॉक्टरांनी हातानं तपासायला सांगितलंय. मावशी तपासायला नाही म्हणत नाहीत." मला वाटतं, अनोळखी माणसाला उद्देशून मी बोललेलं ते पहिलंच पूर्ण वाक्य असेल.

साहेबांनी कार्ड माझ्याकडून घेऊन पाहिलं आणि मान हलवली. "ठीक आहे. हातानं तपासू. पण फॉर्म भरावा लागेल."

फॉर्म मराठीत होता. मी वाचून दाखवला. पहिल्या ओळीत 'रुग्णाचे नाव' आणि दुसऱ्या ओळीत 'सोबतच्या व्यक्तीचे नाव.' साहेब म्हणाले, "वर आजींचं नाव लिही, खाली तुझं."

"थांब," मावशी म्हणाल्या. "उलटं हाय ते. सोबतीला मी आलीय. खाली मपलं नाव लिव्ह."

मी खाली लिहिलं, केशरबाई.

"मग वर कुणाचं?" साहेबांनी विचारलं. "रुग्ण कोण?"

मावशींनी वळून आम्हा बावीस जणींवरून नजर फिरवली. "रुग्ण कुणीच न्हाई, साहेब. समद्या धडधाकट हायेत. रुग्ण दवाखान्यात असतोय, आमी सहलीला आलोत."

"अहो, पण ती जागा रिकामी कशी ठेवायची?"

"रिकामी कावून ठेवता? लिव्हा की, पोरी बावीस."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी सरांकडे बघितलं. सर जमिनीकडे बघून हसत होते. मी 'रुग्णाचे नाव' या शब्दांपुढे लिहिलं, 'मुली बावीस.' माझ्या हस्ताक्षरात. साहेबांनी कपाळ चोळलं, आणि त्याखाली सही केली.

तपासणीसाठी बाजूला पडदा लावलेली छोटी जागा होती. मावशींनी मलाही आत घेतलं. सिक्युरिटीच्या मुलीनं हळूहळू हात फिरवला. गळ्याच्या हाडाखाली उंचवटा लागताच तिनं चटकन बोटं मागे घेतली.

"चावत न्हाई तो," मावशी म्हणाल्या.

"दुखतं का काकू?"

"बसवला तवा दुखलं. आता घरचाच झालाय."

मुलगी हसली. "पुढच्या वेळी नुसतं पेसमेकर म्हणा. गडी म्हणू नका."

"पुढल्या येळंला तूच अशील ना हितं? मंग तुला ठावं झालंच की."

मावशींच्या हातातल्या पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा होता. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी होती. मावशींनी तो डबा तिच्याच हातात दिला. "तू खा. सकाळपासून उभी हाईस." मग त्या बाहेर आल्या, चौकटीच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या, आणि आम्हाला म्हणाल्या, "आता या. एकेक." आम्ही एकेक जणी चौकटीतून जात होतो आणि मावशी ओठांतल्या ओठांत मोजत होत्या. आमच्या मागच्या रांगेतल्या अनोळखी मुलीसुद्धा कौतुकानं बघत होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा, ही बाई आमची आहे, असं ओरडून सांगावंसं मला वाटलं.

आत मोठ्या पाळण्यांवर पाटी होती. हृदयाच्या चित्रावर तिरपी रेघ. मावशींनी ती लगेच ओळखली. "मपल्या गड्याला बंदी हाय," म्हणाल्या आणि प्रत्येक पाळण्याच्या बाहेर येण्याच्या वाटेवर आमच्या ओढण्या आणि चपला सांभाळत उभ्या राहिल्या. दुपारी आण्णांचा फोन आला. मावशींनी मोबाईल उजव्या कानाला लावला.

"हाय ना, आण्णा. पोर नजरंसमोर हाय. आत्ता वर गेलीय."

आण्णा घाबरून काहीतरी बोलले असावेत.

"पाळण्यात हो! यील की खाली. मी हाय ना हितं."

मी तेव्हा त्या निळ्या पाळण्यातच होते. डोळे घट्ट मिटलेले होते. एकदाच उघडले, तर खूप खाली एक हिरवं लुगडं आणि त्याच्या हातात रंगीबेरंगी ओढण्यांचा ढीग दिसला.

मावशी गेल्या, त्याला आता वर्ष होईल. कावीळ झाली आणि आठ दिवसांत सगळं संपलं. त्यांच्या मुलानं मला सांगितलं, शेवटपर्यंत आतला ठोका चुकला नव्हता. मी आता शेवटच्या वर्षाला आहे. वसतिगृहात नवीन मावशी आल्या आहेत. त्या चांगल्या आहेत, मोबाईल पाहतात, आणि कुणी कुठूनही बोललं तरी त्यांना चालतं.

सहलीची एक गोष्ट सांगायची राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बीडला पोचलो. फाटकाशी बऱ्याच जणींचे वडील उभे होते. आण्णाही मला घरी न्यायला आले होते. पार्कच्या दारावर काहीतरी झालं, एवढं सरांकडून त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी मावशींना उजवीकडून जाऊन विचारलं, "मावशी, पोरींनी तरास तर दिला न्हाई ना?"

मी आण्णांच्या मागं सरकले. मावशींनी सगळ्या वडिलांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "तरास कशाचा? दारावर जरा थांबावं लागलं. तर एक पोर पुढं गेली न्हाई. समद्या मपल्यासंगं उन्हात उभ्या राहिल्या. आन् तुमच्या आरतीनं तर साहेबाच्या तोंडावर इंग्रजी वाचली."

आण्णांची मान ताठ झाली. इतर मुलीही खाली बघत होत्या, त्यामुळे मला कळलं की आत पाऊल टाकायचं फक्त माझ्याच मनात आलं नव्हतं. मावशींनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या स्टूल पुसून फाटकाशी बसल्या.

दिंद्रुडच्या एसटीत मला राहवेना. माजलगाव मागे पडल्यावर मी आण्णांना सगळं सांगितलं. पिशवीचं निमित्त, चौकटीपलीकडे जाणं, तिथं उभं राहून केलेला विचार. खिडकीतून उसाचे फड बघणारे आण्णा माझ्याकडे वळले.

"मावशीनं पाहिलंतं तुला, पलीकडं गेलेली?"

"हो."

"आन् तरीबी त्या तसं म्हणल्या?"

"हो."

आण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मंग त्या म्हणल्या तेच खरं. आता तुला तसंच वागावं लागंल."